हुसेन गेला की आहे?

हॅलो? … हो, मीच, आफिया. … देवयानीताई, शुकर अल्लाचा, तुम्ही फोन केलात! … पाच नाही, सात मिस्ड कॉल आहेत, मोजा. … नाही नाही, घरी सगळे बरे आहेत. जहीर ड्यूटीवर आहे. कुणाला काही झालेलं नाही. … माझं पान गेलं.

पान हो, आपलं वेबसाइटचं, गावी जाणाऱ्यांच्या यादीचं. ‘कोण चाललंय’. … पांढरं झालंय. पत्ता टाकते, थोडं गोल गोल फिरतं आणि मग पांढरं. एक अक्षर नाही.

मीटिंग कधी आहे तुमची? … अडीचला? म्हणजे वीस मिनिटं आहेत. जेवलात ना? … मग खात खात बोला, मला चालतं.

अहो ऐका ना, शनिवारच्या कोडिंग क्लासला आणायचे प्रश्न वेगळे, मला कळतं. हा शनिवारपर्यंत थांबणारा नाही. आज गावी जाणारं कुणीतरी सापडायलाच हवं. … अब्बांचं कानाचं मशीन.

इथे कुवेतमध्येच राहिलं! … दोन महिने व्हिजिटवर होते ना, मागच्या शुक्रवारी गेले. मशीन सापडेना, आम्हाला वाटलं विमानतळावर तपासणीत काढून ठेवलं आणि राहिलं. काल सोफ्याच्या गाद्या झटकायला काढल्या, तर फटीत. दोन पिना, सनाचं खोडरबर आणि अब्बांचा कान.

तिकडे? … तिकडे बसून आहेत. कुणी काही विचारलं की हसून मान डोलावतात. परवा आपानं, माझ्या मोठ्या बहिणीनं, विचारलं, पोटात दुखतंय का, तर तेव्हाही हसून हो. फोनवर तर बोलतच नाहीत माझ्याशी, आपाच सगळं सांगते.

आणि परवा शनिवारी निकाह आहे. … आपाच्या मुलीचा, इक्राचा. अब्बा वकील आहेत. … कोर्टातले नाहीत हो! आमच्यात निकाहाचा वकील असतो. दोन साक्षीदार घेऊन आत मुलीकडे जातो आणि विचारतो, हा मुलगा तुला मंजूर आहे का. ती हो म्हणते. ते ऐकायचं आणि बाहेर येऊन काझींना सांगायचं.

साक्षीदार ऐकतील, बरोबर आहे. पण अब्बांनी फक्त तिचे ओठ बघायचे का, ताई? वडील गेल्यापासून यांनीच वाढवलंय तिला. आणि तिचा आवाज असा, की चांगले कान असलेला माणूससुद्धा दोनदा ‘काय गं?’ विचारतो. त्यात डोक्यावरून ओढणी. … दुसऱ्या कुणाला वकील करा म्हणाले ते. कागदावर लिहून दिलं आपाला. तेव्हापासून इक्रा रडतेय.

कुरिअरवाल्याला विचारलं, बुधवारी म्हणतो. … नवीन आठ दिवसांत मिळतं, कानाचा साचा घेऊन बनवतात ते.

ग्रुपवर टाकलं ना! सकाळीच टाकलं, ‘आज-उद्या दापोलीकडे कोण चाललंय का?’ कमालमामूंनी काय उत्तर दिलं माहितीये? ‘आफिया, तुझं पान बघ.’ त्यांच्यामागून अकरा जणांनी तेच. माझंच औषध मला!

आणि मी बघितलं होतं, ताई. मंगळवारी पानावर स्पष्ट होतं. नाव हुसेन, राहणार जलीब, जाणार हर्णै, गुरुवार. हर्णै म्हणजे अब्बांच्या दारातच. आज गुरुवार. पण नंबर नाही ना लिहून घेतला! मंगळवारी मशीन कुठे सापडलं होतं?

मी काय केलं म्हणजे? … काही नाही केलं. … थोडं आवरलं.

तुम्हीच म्हणालात ना, आफिया, सगळ्या फाइली एका ढिगात ठेवू नकोस! … बरं, मागच्या क्लासला म्हणालात, ‘आजच कर’ नाही म्हणालात. पण मला राहवेना. ‘यादी’, ‘यादी नवी’, ‘यादी नवी खरी’ आणि ‘यादी हीच’, चार-चार फाइली. कोणती चालू आहे ते मलाच आठवत नव्हतं. जुन्या काढून टाकल्या आणि दोन फोल्डर केले. जे लोकांना दिसतं ते ‘भाग’मध्ये. जे मागे राबतं ते ‘काम’मध्ये. छान दिसत होतं हो, अगदी मांडणीवर डबे लावल्यासारखं. मग पान उघडलं तर पांढरं.

मूळ फाइल आहे बाहेरच, तिला हलवलं नाही. आणि लोक जे भरतात ती यादीची सीएसव्ही, तिलाही नाही. भीती वाटली.

उघडते. … हो, सर्व्हरवरच, फाइल मॅनेजरमध्ये. … अगदी वरती? सांगा. … आय एन आय, अंडरस्कोर, सेट. कंस. … डिस्प्ले एरर्स. … स्वल्पविराम, एक. … सेव्ह केलं. पान परत उघडते हं.

आलं! ताई, बोललं! … थांबा, वाचते. ‘फेल्ड टू ओपन स्ट्रीम. नो सच फाइल ऑर डिरेक्टरी.’ … म्हणजे इतका वेळ ते तक्रार करत होतं आणि मला दाखवत नव्हतं? … लोकांना दिसू नये म्हणून? अच्छा. … हो, काम झालं की ही ओळ काढते. पण गंमतच आहे. मी इथे रडकुंडीला आलेय आणि ते आतल्या आत नेमकं कारण सांगतंय.

कुठल्या फाइलमध्ये? … ‘भाग’मधली यादी. ओळ तीन. … तिसऱ्या ओळीत मी चाळणी मागवलीये. … चाळणी हो, ज्यांचं विमान उडून गेलं त्यांना गाळते ना, ती फाइल. ती ‘काम’मध्ये ठेवलीये. … मी लिहिलंय, दोन टिंबं, तिरकी रेघ, काम, तिरकी रेघ, चाळणी डॉट पीएचपी. बरोबर आहे ना? ‘भाग’मधून एक पायरी बाहेर, मग ‘काम’मध्ये आत.

मग का सापडत नाही? … नाही, नुसतं काय टाइप करायचं ते सांगू नका, का ते सांगा. … वेळ आहे, आत्ता दोन चौदा झालेत.

हं. … हं. … थांबा, परत सांगा. पान उघडतं ते मूळ फाइलपासून. … बरं. मूळ फाइल ‘भाग’मधल्या यादीला बोलावते. … मग सर्व्हर ‘भाग’मध्ये गेला ना? … नाही गेला? … नुसतं वाचलं? म्हणजे तो अजून मूळ फाइलच्या दारातच उभा आहे, आणि यादी त्याला तिथे आणून वाचून दाखवली?

आणि मी त्याला म्हणतेय एक पायरी बाहेर जा. … या अल्ला! तो दारात उभा, एक पायरी बाहेर म्हणजे रस्त्यावर!

नाही, कळलं, चांगलं कळलं. अहो, आमच्या खैतानमध्ये हेच चालतं. टॅक्सीवाल्याला आपण म्हणतो, त्या वाण्यापासून, बकाल्यापासून दुसरी बिल्डिंग. तो विचारतो, कुठला बकाला? आपल्याला वाटतं तो आपल्याच खिडकीत बसून बघतोय. … हो, तसंच की!

मग त्याला कसं सांगायचं, की ‘मी जिथे आहे तिथून मोज’? … दोन अंडरस्कोर. डी आय आर, मोठ्या लिपीत. परत दोन अंडरस्कोर. … म्हणजे ही फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचा पूर्ण पत्ता? ब्लॉक, गल्ली, बिल्डिंग, सगळं? … आणि फोल्डर दुसरीकडे नेला तर? … पत्ता आपोआप बदलतो? वा! हे कुणी काढलं असेल हो? … नाही, सहज विचारलं. बरं, बरं, पुढे.

मग टिंब. मग अवतरणात, दोन टिंबं, रेघ, काम, रेघ, चाळणी. … सेव्ह. … नाही आलं. परत तेच ओरडतंय. … वाचते. पत्ता लिहिलाय, ‘भाग’ आणि त्याला चिकटूनच दोन टिंबं… हां! मध्ये रेघ नाही. अवतरणाच्या आत सुरुवातीलाच रेघ हवी होती ना? … मीच शोधलं, तुम्ही बोलायच्या आधी!

सेव्ह केलं. … आलं! ताई, यादी आली! मी म्हटलं सगळ्यांची नावं पुसली गेली. … नाही? ती सीएसव्हीमध्ये आपली तशीच होती? पान गेलं तरी यादी जात नाही? … हे आधी माहीत असतं तर सकाळपासून दोन घास गेले असते पोटात.

थांबा, हुसेन बघते. … धैर्यशील, पुणे, मंगळवार. … प्रभा, नाशिक, रविवार, ‘जागा नाही, कृपया विचारू नये’. … तौफीक, रत्नागिरी, पुढच्या महिन्यात. … कमल. … नाही.

हुसेन नाही.

अहो, खाली-वर दोनदा बघितलं. चारच नावं आहेत. … काढून टाकायला बटणच नाही, त्याचं नाव तो कसा काढेल? … घड्याळ? कुवेतचंच आहे, तुम्हीच लावून घेतलं होतंत. कोपऱ्यात दाखवतंय बघा, गुरुवार, दोन एकवीस. बरोबर आहे.

मी स्वप्नात नाही बघितला हुसेन! ‘हर्णै’ वाचून मी जहीरला हाक मारली होती.

सीएसव्ही उघडू? … साधी उघडते? मला वाटलं ती फक्त पीएचपीलाच वाचता येते. … अरे, ही तर नुसती नावं आणि स्वल्पविराम! … हो, शोधते. … आहे! आहे ना! हुसेन, जलीब, हर्णै, नऊने सुरू होणारा नंबर, आजचीच तारीख, वेळ शून्य शून्य चाळीस.

मग यादीत आहे आणि पानावर का नाही? … मध्ये कोण आहे? … मध्ये चाळणी आहे.

पूर्वी असतं तर कुठे कुठे बघितलं असतं! आता एकच फाइल. उघडली. नऊ ओळी आहेत. … वाचते. तारीख आणि वेळ जोडायची, आत्ताच्या वेळेपेक्षा मागची असेल तर दाखवायचं नाही. … हे मीच लिहिलंय, बरोबरच आहे.

गुरुवारची तारीख, शून्य चाळीस. म्हणजे मध्यरात्रीनंतर चाळीस मिनिटं. … आज गुरुवार. … म्हणजे काल रात्री झोपलो तेव्हा. … तेरा-चौदा तास झाले.

गेला, ताई.

नाही, काही नाही. … बोलतेय ना. … काल सोफा सकाळी झटकायला हवा होता. मी संध्याकाळी झटकला, मग पाहुणे आले, मग म्हटलं उद्या बघू. माझीच चूक आहे. … रडत नाही. एसीचं पाणी गळतंय, त्याचा आवाज आहे.

हो, पान झालं, हेही खरं. तुम्ही जा मीटिंगला. …

थांबा. ताई, थांबा, ठेवू नका!

तुम्ही मुंबईला जाता तेव्हा कुठलं विमान असतं? … सकाळचं? तुमचं बँकेचं तिकीट. आमचे लोक घेतात ते मध्यरात्रीनंतरचं. एक वाजता, दीड वाजता. जहीर गेल्या वर्षी गेला ते पावणेएकचं. आता मला सांगा, तो कधी गेला असं मी लोकांना सांगितलं? … ‘बुधवारी गेला.’ बुधवारी जेवला, बुधवारी रात्रीची इशाची नमाज पढला, बुधवारी खाली टॅक्सीत बसला. बुधवार! तिकिटावर गुरुवार होता. आम्ही कधी ‘गुरुवार’ म्हटलंच नाही.

कळतंय का? फॉर्मवर मी तारीख मागते आणि वेळ मागते. वेळ तिकिटावर बघून भरतात, ती पाठ नसते. तारीख कोण बघतंय? ती पाठच असते. घरातून निघतो तो दिवस.

तर हुसेनभाई आज निघत असेल. आज रात्री. खरी तारीख उद्याची. तो अजून उडालेलाच नाही!

असेल, तसंही असेल, काल गेलाही असेल. पण सुमेधचं ऐका ना! आमच्या खालच्या मजल्यावरचा सुमेध. मागच्या आठवड्यात गावाहून फोनवर म्हणाला, वहिनी, तुमच्या पानामुळे आदल्या दिवशी तीन फोन आले, निघायच्या दिवशी एकही नाही. मी म्हटलं लोक विसरले असतील. लोक नाही विसरले! माझ्या चाळणीनं त्याला निघायच्या दिवशीच गाळला!

म्हणजे पान सुरू झाल्यापासून तीन आठवडे… ताई, तीन आठवडे ज्या दिवशी माणसाची गरज, त्याच दिवशी मी त्याला लपवतेय. आणि वर पानावर लिहिलंय, ‘ताजी माहिती’.

तुम्ही कशाला वाईट वाटून घेता? बँकेत बसून तुम्हाला कसं कळणार, आमचा दिवस कुठे संपतो ते! मलाच कळायला हवं होतं.

लावते. घरातला दुसरा फोन आहे. तुम्ही लाइनवर थांबता? … अडीच झाले हो. … थांबता? … बरं.

नंबर. … नऊ, सहा… लावला. गेला असेल तर इथलं सिम बंद असेल, अरबीत ती बाई बोलेल. ती बोलली की समजायचं. …

वाजतंय.

ताई, वाजतंय! बंद नाहीये! … उचलत का नाही? … अजून वाजतंय. …

हॅलो? हॅलो, अस्सलाम आलेकुम. हुसेनभाई का? … मी आफिया, खैतानहून. ‘कोण चाललंय’वाली. … हो, तेच पान. … तुम्ही आत्ता कुठे आहात? … खोलीवर, ते कळलं, पण जलीबला ना? म्हणजे कुवेतमध्येच ना? … नाही, वेडी नाही मी, सांगते नंतर. विमान कधी तुमचं? … आज रात्री. बारा चाळीस. … हो. हो, गुरुवारी रात्री. बरोबर लिहिलंत तुम्ही, काही चूक नाही तुमची.

आहे, ताई! आहे! कार्टनला दोरी बांधतोय! … बोलते, बोलते, एक मिनिट.

हुसेनभाई, एक वस्तू होती. … वजन नाहीच. … नाही हो, मसाले नाहीत, खजूर नाही, कसम! काडेपेटीएवढी डबी आहे. आमच्या अब्बांचं कानाचं मशीन. … हर्णैलाच. बंदराच्या वरच्या अंगाला, शाळेचे जुने शिपाई, चष्मेवाले. … ओळखता? … तुमची घंटा तेच वाजवायचे?

हुसेनभाई… परवा आमच्या इक्राचा निकाह आहे आणि तिचे वकील ते आहेत. … बॅगेत नको, खिशात ठेवा. … उद्या संध्याकाळपर्यंत पोचाल? … इन्शाल्ला. … नाही, तुम्ही नका येऊ, तुमची बांधाबांध चालू आहे. मी येते. मगरिबच्या, दिवस बुडायच्या आत येते. … बकाल्यासमोर नको, तुमचा ब्लॉक आणि गल्ली मेसेज करा. … अल्ला तुमचं भलं करो. ठेवते.

ताई? आहात? … ऐकलंत सगळं? … मला हसू येतंय. थांबा, दुसऱ्या फोनवरून टॅक्सी मागवते. तुमची मीटिंग? … ‘नेटवर्क गेलं’ म्हणून सांगा.

चाळणीचं? … नाही, सांगू नका. एक रात्र पुढे ढकलायची, की फॉर्मवरच विचारायचं ‘तिकिटावरची तारीख’, की दोन्ही, मला बघू दे. … विमान उडालं असलं तरी एक दिवस नाव राहू दे म्हणता? … सांगू नका म्हटलं ना! शनिवारी करून आणते. चुकलं तर हसा.

मशीन? … चालू आहे का? … ते नाही बघितलं. पाच-सहा दिवस सोफ्यात होतं, बॅटरी… थांबा, अब्बांच्या बॅटऱ्यांचं एक पाकीट राहिलंय कपाटात. … हे. … स्टिकर काढला. झाकण लावलं. … दिवा-बिवा काही नाहीये हो याला. कसं कळणार?

मुठीत धरू? … पूर्ण बंद मूठ? … धरलं. …

शिटी! ताई, शिटी वाजतेय! … तुम्हाला ऐकू येते का? फोनजवळ नेते. … येते? तिकडे महबूलात? … मूठ उघडली की बंद. परत मिटली की परत. असं का होतं हो? … स्वतःचाच आवाज परत ऐकतं? हेही मला नीट सांगायचं हं, शनिवारी.

टॅक्सी आलीये, हॉर्न देतोय. … हो, डबीत ठेवलं. बॅटऱ्यांचं पाकीटही देते. … निघते. … नाही, आता आपाला फोन नाही करत, इक्राला करते. तिला सांगते, तू हळूच बोल, अब्बांना ऐकू जाईल. … ठेवते, ताई.